एरर कॉइन की मार खाल्लेलं नाणं? आधी प्रेस आठवा

गेल्या महिन्यात विट्याहून मेहुणा आला. त्यांचं घराणं गलाईतलं. खानापूर तालुक्यातली अर्धी घरं सोनं-चांदी गाळायला मुलूखभर पांगलेली, तसाच हाही दक्षिणेत असतो आणि यात्रेला गावी येतो. चहा व्हायच्या आत त्यानं खिशातून कागदाची पुडी काढली.

“दाजी, हे बघा. पाचाचं नाणं, पण पातळ. टांकसाळीची चूक आहे. मोबाईलवर एकजण याला दोन लाख म्हणतोय.”

नाणं जुनं, जाड, पांढऱ्या पाच रुपयांचं. म्हणजे ज्याचं वजन 9 ग्रॅम आणि व्यास 23 मिलिमीटर असायला हवा, ते. हातात घेतल्या घेतल्या हलकं लागलं. मी काट्यावर टाकलं : 6.84. व्हर्नियर लावला : 22.4. मग त्याला विचारलं, “तुमच्या भट्टीवर नायट्रिक असतं ना?”

तो निकाल पुढे सांगतो. आधी हे का लिहितोय ते. मी कुपवाडच्या एमआयडीसीत प्रेसशॉपला सव्वीस वर्षं काढली, त्यातली निम्मी डाय सेटिंगला. नाणी जमवायचा नाद नंतरचा. पण ओळखीपाळखीत माझं नाव ‘नाणीवाले काका’ पडल्यापासून आठवड्याला दोन-तीन फोटो येतात आणि प्रश्न ठरलेला : “काका, एरर आहे का?” एरर म्हणजे टांकसाळीतच चुकलेलं नाणं. दहातली नऊ नाणी बाहेर मार खाल्लेली असतात. प्रत्येकाला तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

नाणं कसं चुकतं

भिंग घेण्याआधी डोळ्यांसमोर प्रेस आणा. धातूचा पत्रा येतो. त्यातून पंच गोल चकत्या पाडतो, आम्ही त्याला ब्लँक म्हणतो. चकत्या भट्टीत तापवून मऊ करतात. मग त्या एका खाचेतून दाबत फिरवतात, त्यानं कड जराशी उचलली जाते. शेवटी चकती कॉलरमध्ये, म्हणजे पोलादी कड्यात बसते आणि खालच्या-वरच्या दोन डाय, म्हणजे नक्षी कोरलेले पोलादी ठसे, तिच्यावर एकच ठोका मारतात. धातू बाहेर पसरायला बघतो, कॉलर त्याला अडवते, म्हणून नाणं गोल आणि मापात येतं. मिनिटाला शेकडो नाणी अशी पडतात. त्यानंतर ती पोत्यात गेली की टांकसाळीचा संबंध संपला.

चूक व्हायची ती एवढ्याच जागांवर होते : पत्र्यात, चकतीत, कडेत, डायमध्ये, नाहीतर ठोक्यात. तुमच्या नाण्यात जे दिसतंय ते यातल्या कुठल्या जागेवर झालं, हे सांगता आलं पाहिजे. “काहीतरी वेगळं दिसतंय” हे उत्तर नाही. माझ्या प्रेसवर पार्ट खराब पडला की सुपरवायझर एवढंच विचारायचा, “कुठल्या स्टेशनला?” नाण्यालाही तोच प्रश्न विचारायचा.

सामान फार लागत नाही. घड्याळजीचं दहापट भिंग, शतांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा, व्हर्नियर, एक चुंबक. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याच प्रकारचं एक धडधाकट नाणं शेजारी ठेवायला. ‘त्याच प्रकारचं’ यावर जोर आहे. 1992 नंतरचा पोलादी रुपया 25 मिमी आणि 4.85 ग्रॅम. 2011 पासून ₹ चिन्हाचं दोन रुपयांचं नाणं आलं, तेही 25 मिमी आणि 4.85 ग्रॅमच. 2011 चा रुपया मात्र 22 मिमीच्या आसपास आणि 3.79 ग्रॅम, म्हणजे जुन्या पोलादी पन्नास पैशाइतका. जुनं अकरा कोनांचं, भारताच्या नकाशाचं दोन रुपयांचं नाणं 26 मिमी, 6 ग्रॅम, आणि ते चुंबकाला चिकटत नाही. हे माहीत नसलं की माणूस नवा रुपया जुन्या रुपयाशेजारी ठेवतो आणि “काका, एक ग्रॅम कमी भरतंय” म्हणून फोन करतो. असे फोन आलेत.

तक्रार : नाण्यावर जास्तीची रेष आहे

सगळ्यात जास्त फोटो याचे. उत्तर एका प्रश्नात : रेष उठलेली आहे की खचलेली?

डायला तडा गेला तर ठोक्याच्या वेळी धातू त्या तड्यात घुसतो, म्हणून नाण्यावर रेष *उठून* येते. डायवर कुणाचं हत्यार घसरून ओरखडा पडला असेल तरी तेच, ओरखड्यात धातू भरतो आणि नाण्यावर उंचवटा येतो. उलट नाणं बाहेर आल्यावर कशानं ओरखडलं तर रेष *खोल* जाते, आणि तिच्या दोन्ही काठांना धातूची बारीक वरंबी उभी राहते. नांगर फिरल्यावर सरीच्या कडेला माती चढते ना, अगदी तशी. भिंगातून ती वरंबी दिसली की पुढे बघायची गरज नाही.

अडचण अशी की फोटोत हे फसवतं. उजेड खालून पडला असेल तर उठलेली रेष खचलेली दिसते आणि खचलेली उठलेली. माझ्याच बाबतीत झालंय. एका पोरानं पाठवलेल्या फोटोवरून मी छाती ठोकून “डाय क्रॅक” सांगितलं, आणि नाणं हातात आलं तेव्हा चक्क ब्लेडचा चरा निघाला. तेव्हापासून माझा उपाय कणकेचा. भिजवलेल्या कणकेचा लिंबाएवढा गोळा चपटा करायचा, नाणं त्यावर सरळ दाबायचं, सरळच उचलायचं. नाण्यावर उठलेली रेष असेल तर कणकेत चर पडतो, खचलेली असेल तर कणकेत उंचवटा येतो. कणीक उजेडाला फसत नाही. घरातून “पोळ्यांच्या कणकेत नाणी घालू नका” असा आवाज येतो, तर गोळा आधीच वेगळा काढून ठेवा.

डाय क्रॅकची रेष बहुतेक कडेपासून निघते, अक्षराला भिडते आणि पुढे जाते. कडेजवळचा डायचा तुकडाच निखळला असेल तर नाण्यावर तिथं नक्षी नसलेला फुगवटा येतो. त्याच्या बरोबर पाठीमागे दुसऱ्या बाजूची नक्षी कच्ची उठते, कारण धातू त्या पोकळीत गेला. पाठीमागची नक्षी ठणठणीत असेल आणि पुढे फुगवटा असेल, तर कुणीतरी डाग दिलाय, म्हणजे झाळण केलंय का बघा. लॉकेटला कडी लावताना दिलेले आणि नंतर काढलेले डाग मी तीनदा तरी पाहिलेत.

तक्रार : कड चावल्यासारखी तुटली आहे

हा प्रकार मला सगळ्यात आवडतो, कारण हा आमचाच रोजचा आजार. पत्रा पूर्ण पुढे सरकला नाही की पंच आधीच्याच भोकावर थोडा चढतो आणि चकती चंद्रकोरीएवढी कमी पडते. पत्र्याच्या टोकाला पंच पडला तर तुटलेली बाजू सरळ येते. अशी चकती पुढे जाऊन ठोका खाते, तेव्हा खरी खूण तयार होते. तुटलेल्या जागेजवळ धातूला पाठबळ नसतं, म्हणून तिथली अक्षरं त्या बाजूला किंचित ओघळल्यासारखी, निमुळती होतात. आणि दुसरी खूण बरोबर समोरच्या कडेला. कड उचलायच्या यंत्रात चकती दोन बाजूंनी दाबली जाते. एका बाजूला धातूच नाही म्हटल्यावर समोरच्या बाजूला दाब बसत नाही, आणि तिथली कड दबकी, पुसट राहते.

आता कानशीनं किंवा ग्राइंडरवर घासून केलेली चंद्रकोर बघा. अक्षर सुरीनं कापल्यासारखं मध्येच तुटतं, ओघळ नाही. समोरची कड पूर्ण. कापलेल्या तोंडावर एकाच दिशेच्या बारीक रेषा. वजन दोन्हीत कमीच भरतं, म्हणून इथे काट्यावर विसंबू नका. समोरची कड नेहमी दिसेलच असंही नाही, तुकडा अगदी लहान असेल तर ती खूण पुसट असते. पण अक्षरांचा ओघळ मात्र शोधाच.

तक्रार : एका बाजूला उलटी अक्षरं आहेत

याला जुने संग्राहक ‘लखी’ म्हणतात. आधीचं नाणं डायला चिकटून राहतं, पुढची चकती येते, आणि तिच्यावर डायऐवजी त्या नाण्याचा ठसा बसतो. त्यामुळे एका बाजूला नेहमीची उठलेली नक्षी आणि दुसऱ्या बाजूला तीच नक्षी, पण खोल आणि आरशातल्यासारखी उलटी. त्या बाजूला स्वतःची नक्षी अजिबात नसते, कारण ती कधी उमटलीच नाही.

बनावट लखी कशी होते ते मी आमच्याच शॉपमध्ये जेवणाच्या सुट्टीत पाहिलंय. दोन नाणी एकावर एक ठेवून व्हाईसमध्ये आवळायची आणि वरून हातोडा. खालच्या नाण्यावर वरच्याची उलटी अक्षरं उमटतात खरी, पण त्याच्याखाली मूळ नक्षी चेचलेल्या अवस्थेत शिल्लक असते. मूळचं ‘भारत’ असं चेचलेलं आणि त्यावर उलटा आकडा, असं दुहेरी काही दिसलं की समजा व्हाईसचं काम. नाणं पालथं करा, पाठीवर जबड्यानं दाबलेला सपाट पट्टा हमखास सापडतो.

दोन्ही बाजूंना एकच छाप, दोन्हीकडे सरळ आणि उठलेला, असं नाणं आणलंत तर मी आधी कडेच्या आतल्या बाजूला नख फिरवतो. असं नाणं बनवायची रीत अशी : एक नाणं लेथवर आतून कोरायचं, दुसरं घासून पातळ करून त्यात बसवायचं. चांगला टर्नर असेल तर सांधा डोळ्यांना दिसत नाही. पण फरशीवर टाकल्यावर आवाज बद्द येतो आणि वजन सहसा जुळत नाही.

तक्रार : नाणं नेहमीपेक्षा मोठं आणि पसरट आहे

कॉलर वर आलीच नाही तर धातू मोकळा पसरतो आणि नाणं मापापेक्षा मोठं होतं. खरा एरर आहे, चांगला आहे. पण आपल्याकडे मिरज जंक्शन आहे, हे विसरू नका. एकेकाळी मिरजेत तिन्ही गेजच्या गाड्या यायच्या आणि रुळावर नाणं ठेवायचा उद्योग आमच्या पिढीनं तिन्ही गेजवर करून पाहिलाय.

इथंही वजन कामाचं नाही, दोन्हींचं पूर्ण भरतं. नक्षी बघा. टांकसाळीत पसरलेल्या नाण्याची मधली नक्षी धारदार असते आणि कडेकडेनं पसरट होत जाते. चाकाखाली गेलेल्याची सगळी नक्षी एकाच दिशेला ताणलेली, पुसलेली. नाणं लांबट होतं आणि हातात धरलं तर किंचित वाकलेलं लागतं.

तक्रार : अक्षर किंवा खूण गायब आहे

डायच्या खोलगट भागात ग्रीस आणि धातूची भुकटी साचली की तेवढं अक्षर उठत नाही. त्या जागी नाण्याचा पृष्ठभाग शेजारच्या भागासारखाच, तसाच चमकदार असतो. घासून काढलेल्या अक्षराच्या जागी खळगा किंवा वेगळी चमक येते. भिंग तिरकं धरून बघा.

आणि “वर्षाखाली खूणच नाही” म्हणून कृपया फोन करू नका. मुंबईच्या नाण्यावर वर्षाखाली पत्त्यातल्यासारखी चौकट, हैदराबादच्या चांदणी, नोएडाच्या टिंब असतं. कोलकात्याच्या टांकसाळीची खूण नसते. काहीही नाही हीच तिची खूण.

तक्रार : अक्षरं दुहेरी दिसतात, रंग वेगळा आहे

दुहेरी अक्षरातली दुसरी सावली चपटी, पायरीसारखी असेल तर ठोक्यानंतर डाय हलल्याची ती खूण. टांकसाळीतच झालेली, पण फार आढळते, किंमत नाही. रंगाचं थोडक्यात : रंग हा एकटा पुरावा होत नाही. पिवळं दिसणारं पोलादी नाणं चुंबकाला चिकटलं आणि उठलेल्या टोकांवर पांढरं उघडं पडलं असेल, तर कुणीतरी देवासाठी किंवा लॉकेटसाठी सोन्याचं पाणी दिलंय. नदीतल्या नाण्यांचंही तसंच. आयर्विन पुलाखाली पोरं दोरीला चुंबक बांधून नाणी काढतात. काळपट, टोचे पडलेली येतात आणि “खडबडीत एरर” म्हणून विकली जातात. चुंबकानं काढल्यामुळे ती सगळी पोलादीच असतात. अकरा कोनांचं दोन रुपयांचं नाणं बिचारं कृष्णेतच राहतं.

माझी स्वतःची फजिती

दहा रुपयांचं दोन धातूंचं नाणं. मधली चकती फिरलेली, म्हणजे कडेवर डावीकडे ‘भारत’ आणि उजवीकडे इंग्रजी ‘इंडिया’ जागच्या जागी, पण मधले सिंह बरेच कलंडलेले. ओळखीतल्या एका हौशी माणसाकडून पंधराशे रुपयांना घेतलं आणि चार दिवस मिरवलं.

पाचव्या दिवशी दाढी करताना डोक्यात उजेड पडला. कडं आणि चकती आधी एकमेकांत बसवतात आणि मग दोन्हींवर मिळून *एकच* ठोका पडतो. कडेवरची अक्षरं आणि मधले सिंह एकाच डायवर कोरलेले असतात. एकाच पोलादाच्या तुकड्यावर जे आहे ते एकमेकांशी फिरणार कसं? चकती नंतर निखळली आणि कुणीतरी फिरवून परत ठोकून बसवली, एवढंच. भिंगातून बघितलं तर सांध्यालगत पंचाचे दोन बारीक टोचे होतेच. तेरा वर्षं डाय बसवणाऱ्या माणसाला हे कळायला पंधराशे रुपये लागले. नाणं अजून टेबलावर आहे, शिकवायला बरं पडतं.

मधली चकती नसलेलं नुसतं कडं कुणी आणलं तर भोकाची आतली कड बघा. चकतीशिवाय ठोका बसला असेल तर धातू मोकळ्या जागेत आत सरकलेला असतो, कड ओबडधोबड होते. चकती नंतर पाडली असेल तर भोकाच्या भिंतीवर तिच्या पकडीची खाच जशीच्या तशी राहते.

नवशिक्यानं काय शोधावं

फिरलेला छाप शोधा. नाणं वहीचं पान उलटतो तसं डावी-उजवीकडे उलटा. आपल्या चालू नाण्यांत दुसरी बाजूही सरळ उभी दिसली पाहिजे. ती बरीच तिरकी किंवा पार उलटी दिसली तर एक डाय फिरलेली होती. चेचून, तापवून, घासून हे करता येत नाही. लेथवर दोन नाणी जोडणं हा एकच रस्ता आणि त्याचा सांधा वर सांगितलाय. दहा-पंधरा अंशांचा फरक मात्र सोडून द्या.

साताऱ्याकडची मंडळी तांब्याच्या जुन्या शिवराया पाठवतात, “अर्धंच ‘श्री राजा शिव’ आलंय, एरर आहे का?” नाही हो. ती हातानं, हातोड्यानं पाडलेली नाणी. डायचा ठसा बहुतेकदा तांब्याच्या तुकड्यापेक्षा मोठा, तेव्हा मजकूर कुठूनतरी बाहेर जाणारच. तिथं कॉलर नाही, फीडर नाही, म्हणून आपला प्रेसचा हिशेब तिथं लागू करू नका. शिवराईवर पूर्ण मजकूर सापडणं हेच विशेष.

दोन लाखांचं काय

मेहुण्याच्या नाण्याकडे येतो. चकतीच पातळ निघाली असती तर वजन कमी भरलं असतं, मधला उठाव कच्चा आला असता, पण घेर साधारण पूर्ण राहिला असता, कारण माप कॉलर ठरवते. याचा घेरच अर्ध्या मिलिमीटरहून जास्त घटलेला. कडेवरची दात्यांची नक्षी जवळपास गेलेली. अक्षरं होती सगळी, पण दोन्ही बाजूंनी सारखीच झिजून बारीक झालेली, आणि पृष्ठभाग भिंगातून रव्यासारखा. चारी बाजूंनी एकसारखं खाणारं काम ॲसिडचंच. तांबं आणि निकेल दोन्ही नायट्रिकमध्ये विरघळतात, हे मी गलाईवाल्याला काय सांगणार? तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “पोरांनी टाकलं असंल बघा बादलीत.”

मोबाईलवरच्या माणसानं त्याच्याकडे ‘नोंदणीचे’ अडीच हजार आधी मागितले होते. त्यानं भरले नव्हते, नशीब. रिझर्व्ह बँकेच्या नावानं जुन्या नाण्या-नोटांच्या व्यवहारात कमिशन, कर किंवा शुल्क मागणारे फसवे आहेत, बँक असे व्यवहार करत नाही, असं रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर केलंय. पुढे कुणी पैसे आधी मागितले की संवाद तिथंच थांबवा. किंमत बघायचीच असेल तर लिलावात प्रत्यक्ष विकलं गेलेल्या नाण्याची बघा. जाहिरातीत कुणीही काहीही आकडा टाकतो. आणि ‘एरर’ तयार करायचा मोह झाला तर एवढं ध्यानात असू द्या, की 2011 च्या नाणे कायद्यानं नाणं वितळवणं किंवा नष्ट करणं हा गुन्हा आहे.

यापुढे मला फोटो पाठवताना दोन्ही बाजू, आडवी कड आणि शेजारी धडधाकट नाणं असे चार फोटो पाठवा. उजेड वरून डावीकडून घ्या. वजन आणि व्यास लिहा, चुंबकाला चिकटतं का ते लिहा. चिंच, राख, पावडर लावून घासू नका, मग मला काहीच सांगता येत नाही. आणि कणकेचा ठसा घेतला असेल तर नाणं आधी पुसा. परवा एकानं पाठवलेल्या फोटोत सिंहाच्या तोंडात पीठ होतं, आणि खाली प्रश्न, “काका, हा फुगवटा डायचा आहे का?”